करंड्यात ठेवलेलं ऊन

एका राज्यात तेजोवर्मा नावाचा राजा होता. राज्य फार मोठं नव्हतं. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, आणि मधे जी माणसं राहत होती ती आपापल्या कामाला लागलेली. राजाची राणी ललितांगी, आणि थोरली बहीण मनकर्णा. आई गेली तेव्हा राजा एवढासा होता. मनकर्णाही काही फार मोठी नव्हती, पण तिनंच त्याला भरवलं, निजवलं, वाढवलं. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझा एक संसार लहानपणीच करून झाला."

त्या राज्यात एक रीत होती. मूल जन्मलं की बारशाला आत्यानं त्याला अंगणात न्यायचं. तांबडं फुटलं की पूर्वेकडे तोंड करून त्याच्या कानात सांगायचं, "हा दिवस. हा उठला की तू उठायचं." मग चांदणं पडेल त्या पहिल्या सांजेला पुन्हा बाहेर आणून सांगायचं, "हा चांदोबा, तुझा मामा. हा राखण करील, तू निजायचं." एवढं झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायच्या आणि घुगऱ्या वाटायच्या. मूल राजाचं असो की रंकाचं, या दोघांशी ओळख करून दिल्याशिवाय ते जगात आलं असं कुणी धरत नसे.

आता राजाला एक खोड होती. त्याला स्तुती फार लागे. दरबारचा भाट एके दिवशी म्हणाला, "महाराज, आकाशात एक सूर्य आहे आणि पृथ्वीवर आपण दुसरे." सगळा दरबार वाहवा म्हणाला. राजानं विचारलं, "दुसरा का?" भाट मुजरा करून मागे सरला. प्रश्न मात्र राजाच्या मनात रुतून बसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत राजाची स्वारी परटांच्या आळीतून चालली होती. आभाळ भरलेलं होतं. तान्हूबाई नावाची परटीण ओल्या कपड्यांच्या ढिगाशी उभी राहून म्हणत होती, "मेल्या सूर्यानं तोंड दाखवलं नाही कालपासून. कुठं उलथलाय कुणास ठाऊक." इतक्यात तिचा नवरा डोळे चोळत बाहेर आला, तशी ती त्याला म्हणाली, "उगवलात का? लवकर उठलात. आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा." शेजारणी हसल्या. राजा हसला नाही. ज्या शब्दानं माझी स्तुती व्हायची, तो शब्द हिच्या तोंडात असा? त्यानं घोडा वळवला आणि तसाच राजवाड्यात आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं की सूर्याचे आणि चंद्राचे सगळे शब्द लोकांच्या तोंडून काढून घ्यायचे. सूर्याचे शब्द राजासाठी, चंद्राचे राणीसाठी. मनकर्णेनं ऐकलं आणि ती म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, राजा."

राजा म्हणाला, "मी कोंबडं झाकत नाही, अक्का. मी उजाडणं हा शब्दच झाकतो."

डोंगरापलीकडे काळ्या कड्यात मौनकेतू नावाचा मांत्रिक राहत असे. लोक त्याला भीत, पण त्यानं कुणाचं काही चोरलं असं कुणी सांगू शकत नव्हतं. लोक आपणहून जे द्यायचे ते तो ठेवून घ्यायचा, एवढंच. राजानं त्याला बोलावलं. तो चांदीचा एक करंडा घेऊन आला, कुंकवाच्या करंड्याहून थोडा मोठा. म्हणाला, "राजा, यात जो शब्द तू सांगशील तो तुझ्या राज्यातल्या प्रत्येक तोंडातून निघून यात येईल. परत हवा असेल तर ज्यानं दिला त्यालाच मागावा लागेल. हे आधी सांगतो. मागाहून बोल लावू नकोस."

राजा करंड्यावर वाकला. सूर्य म्हणाला, चंद्र म्हणाला. ऊन म्हणाला, चांदणं म्हणाला. पंडित आठवून देत होते आणि राजा सांगत होता. तांबडं फुटणं, उजाडणं, दिवस कासराभर वर येणं, उन्हं कलणं, मावळणं, तिन्हीसांज. पुनव आणि अवस. कवडसा आणि तिरीप. राणीच्या पेटीतली चंद्रकळा, सोनाराच्या दुकानातला चंद्रहार, बायकांच्या कपाळावरची चंद्रकोर. शेवटी मौनकेतूनं झाकण लावलं आणि तो निघून गेला.

भाट पुढे झाला. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, आपण म्हणजे साक्षात..." आणि थांबला. तोंड उघडंच राहिलं. राजानं त्याला शब्द सांगायचा म्हणून ओठ हलवले, तर त्याच्याही तोंडात तो नव्हता. प्रत्येक तोंडातून म्हणजे राजाच्याही तोंडातून, हे शहाण्या राजाच्या ध्यानात आलं नव्हतं. पण मान कशी खाली घालायची? तो म्हणाला, "नसेना का शब्द. मी कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे."

उजाडायचं काही राहिलं नाही. सूर्य रोज उगवत होता, चंद्र रोज आपल्या वेळेला येत होता. पण शब्द गेले तसा त्यांचा माणसांशी लागाबांधा तुटला. म्हाताऱ्या माणसांनी कोवळ्या उन्हात पाठ धरावी तर ऊन पाठीवर पडे, पण लागत नसे. कुरडया अंगणात पसरल्या तशाच ओल्या राहत. पूर्वी आया सांगत, दिवस बुडायच्या आत घरी या. आता काय सांगायचं ते न कळून त्या वेशीपर्यंत हाका मारत जात. उन्हं उतरली की बाजाराला जाऊ, असं पूर्वी ठरवणाऱ्या दोघी मैत्रिणी आता एकमेकींची वाट पाहत बसत, एक भर दुपारी आणि एक अंधार पडल्यावर. चंद्राला खळं पडलं की पाऊस जवळ आला हे शेतकऱ्याला कळायचं. आता तो वर पाही आणि खाली पाही, आणि त्याच्या मनात काहीच उमटत नसे. लोक एकमेकांना 'दोन निजांनी ये' असं सांगू लागले. सूर्याला 'वरचा थोरला' आणि चंद्राला 'वरचा धाकटा' म्हणू लागले. पण ते नुसतं बोट दाखवणं झालं. त्यानं कुरडई वाळत नाही.

अशात राणी बाळंत झाली. मुलगा झाला. बारशाला मनकर्णेनं भाच्याला अंगणात नेलं. तांबडं फुटलं. सगळ्या बायका उभ्या होत्या. ती बाळाच्या कानाशी वाकली आणि तिला काही सांगताच येईना. कानात नुसती फुंकर गेली. कुणी तिच्या पाठीत धपाटा घातला नाही, कुणी घुगऱ्या वाटल्या नाहीत.

त्या दिवसापासून बाळाचे डोळे मिटले नाहीत. ते रडत नव्हतं, ओरडत नव्हतं. नुसतं पाहत होतं. केव्हा जागायचं आणि केव्हा निजायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. निजेवाचून ते वाढेना. उलट हलकं होऊ लागलं. आधी हाताला शेराएवढं लागायचं, मग पावशेराएवढं, मग हातरुमालाएवढं. राणी त्याला आपल्या पदराशी गाठ मारून ठेवी, कारण दार उघडलं की वाऱ्यानं ते पाळण्यातून वर उचललं जाई. राजवैद्य म्हणाला, "कापूर उडून जातो तसं हे उडून जाईल. औषध माझ्याकडे नाही."

राजानं काय केलं? त्यानं राजवाड्याची सगळी दारं-खिडक्या बंद करून घेतल्या आणि आत अखंड दिवे लावले. समयांच्या उजेडात तो सिंहासनावर बसून राहिला. मौनकेतूकडे त्यानं दूत पाठवला, तर निरोप आला, 'देणाऱ्यानं यावं.' राजा उठला नाही.

तेव्हा मनकर्णा उठली. अंगणातल्या औदुंबराखाली उभी राहून ती पहिल्यांदा रडली. औदुंबराच्या ढोलीत एक पिंगळा राहत असे. पिंगळा धड रात्रीचा नाही, धड दिवसाचा नाही. दोन्हींच्या मधल्या वेळेचं ते पाखरू. तो ढोलीतून मान काढून म्हणाला, "मनकर्णे, शब्द रडून येत नाहीत. चालून येतात."

"देणारा जात नाही," ती म्हणाली. "मी गेले तर चालेल?"

"अर्धं चालेल. निदान दार तरी ठोठाव. आणि वाटेत जे लागेल ते मागून घे, हिसकावून नको."

मनकर्णा काळ्या कड्याशी पोचली. मौनकेतू गुहेच्या तोंडाशी बसला होता. मागे फळ्यांवर करंडे मांडलेले होते. कुणी आपलं हसू ठेवलं होतं, कुणी आपल्या गावाचं नाव. तिनं नमस्कार केला आणि म्हणाली, "माझ्या भाच्याचा जीव जातो आहे. करंडा दे."

"मी चोर नाही आणि दाताही नाही," मौनकेतू म्हणाला. "करंडा तीन गोष्टींनी उघडतो. पहिली, वरच्या थोरल्याची ऊब. चुलीची नको, शेकोटीची नको. दुसरी, वरच्या धाकट्याची ओढ. दोरीची नको, माणसाची नको. तिसरी, दोघांच्या मधली वेळ. ती ज्यानं शब्द दिले त्याच्या ओंजळीतून यायला हवी."

"शब्दच नाहीत, तर या गोष्टी उरल्या असतील कुठं?"

"शब्द माझ्याकडे आहेत. त्यांचा वापर लोकांकडे होता. कुठं उरला असेल तर तिथं बघ."

ती डोंगर उतरली. पायथ्याला एक वस्ती होती. शेवटच्या घरात सगुणा नावाची एकटी बाई राहत होती. तिच्या दारात वालाच्या शेंगांचा ढीग पडलेला. मनकर्णेनं बांगडी काढून पुढे केली आणि म्हणाली, "बाई, वरच्या थोरल्याची ऊब कुठं उरली असेल तर सांग. ही घे."

सगुणेनं बांगडीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "आल्या आल्या बांगडी. माझं कुणी आहे का, मी जेवले का, काही इचारलंस?"

मनकर्णा ओशाळली. तिनं बांगडी हातात चढवली, खाली बसली आणि शेंगा सोलू लागली. ढीग अर्ध्यावर आला. मग सगुणा आपणहून बोलू लागली. तिला एक लेक होती. शब्द गेले त्याच्या आदल्या चैत्रात सगुणेनं सगळ्या गोधड्या भिंतीवर टाकल्या होत्या, रीतीप्रमाणे. लेकीची गोधडी घडी घालून पेटीत ठेवली, आणि पुढच्या थंडीच्या आधीच तापानं लेक गेली. ती घडी सगुणेनं मोडली नव्हती.

"आत हात घातला की लागतंय अजून," ती म्हणाली. "त्या वक्ताचं. कशाला म्हणायचं ते आता तोंडात येत न्हाई. पण हाताला लागतंय."

मनकर्णेनं घडीत हात घातला. कोरडी, कापडाचा वास असलेली ऊब होती ती. मागायचं कसं? या बाईजवळ एवढंच होतं. ती न मागताच उठली आणि निघाली.

"थांब," सगुणा म्हणाली. "कुणासाठी पाहिजे होती?"

"भाच्यासाठी. निजत नाही. हलका होत चाललाय."

सगुणा घरात गेली, पुन्हा एकदा घडीत हात घालून आली, आणि गोधडी मनकर्णेच्या हातात ठेवून म्हणाली, "लेकराला पाहिजे तर ने. वाटेत उघडू नको. सांडंल."

गोधडी पाठीशी बांधून मनकर्णा समुद्रावर आली. किनाऱ्यावर होड्या वेड्यावाकड्या पडल्या होत्या. कुठली चिखलात रुतलेली, कुठली खडकावर आपटलेली. भरती केव्हा येणार आणि किती येणार हे कोळ्यांना सांगता येत नव्हतं. एक म्हातारा पाण्यात हात बुडवून बसला होता. तो धाकू तांडेल, साऱ्या होड्यांचा वडीलधारा. तिनं या वेळी आधी विचारलं, "बाबा, जेवलात का?"

तो हसला. "मासळी नाय तर जेवण कसलं? बोल बाय, काय शोधतेस?"

तिनं सांगितलं. धाकू म्हणाला, "पाणी अजून जातंय, येतंय. कुणीतरी वढतंय त्याला. कोण ते आमी आधी जाणत होतो. आज हात सांगतोय, मोठं उधाण हाय. पाणी चढंल आन् एक घडी थांबंल. जायचं का राहायचं, इचार करील. त्या घडीला शिंपल्यात भरून घे. आधी घेशील तर नुसतं खारं पाणी. आन् त्याला पाठ दावू नको."

त्यानं हातातला मोठा शिंपला तिला दिला. मनकर्णेनं गोधडी डोक्यावर बांधली आणि खडकावर उभी राहिली. सूर्य डोक्यावर होता. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. तिला पोहता येत नव्हतं, राजाच्या घरच्या बाईला कोण पोहायला शिकवणार? पाणी गळ्याशी आलं तेव्हा पाय आपोआप मागे वळू लागले. तिनं डोळे मिटले, तर तिला पदराच्या गाठीला टांगलेलं बाळ दिसलं, तिच्याकडे पाहणारं. पाय थांबले. पाणी हनुवटीला टेकलं आणि थांबलं. तिनं शिंपला भरला.

त्या शिंपल्यातलं पाणी मग वाटभर चढत उतरत राहिलं. समुद्र मागे पडला, डोंगर पुढे आले, तरी भरतीला ते काठाशी येई आणि ओहोटीला तळाशी जाई. ते सांडू नये म्हणून मनकर्णा सावकाश चालली. समुद्रावरून निघाली तेव्हा अवस होती. राजवाड्याशी पोचली तेव्हा पुनव आली होती. हे मी आज सांगू शकतो. तिला तेव्हा ते म्हणता येत नव्हतं.

राजवाड्याचं दार तिनं ढकललं. आत समयांचा धूर कोंडला होता. राणी खांबाला टेकून बसली होती, आणि पदराच्या गाठीशी बाळ तरंगत होतं. आता त्याच्या अंगातून पलीकडचा दिवा दिसत होता. राणी म्हणाली, "वन्सं, आज उद्याचंच राहिलं आता."

मनकर्णा सिंहासनासमोर गेली. "राजा, दोन गोष्टी मी आणल्या. तिसरी तुझी आहे. हे दिवे विझव आणि दार उघडून बाहेर ये."

"विझवणार नाही," राजा म्हणाला. "मी विझत नसतो."

"आपली आई गेली ती कुठल्या वेळेला गेली?"

राजानं नजर समईकडे वळवली.

"तू उंबऱ्यात बसला होतास. वरचा थोरला पाण्यात उतरत होता. तू म्हणालास, हा पण गेला. मी तुझ्याजवळ येऊन बसले. तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं?"

राजानं पुष्कळ आठवून पाहिलं. "शब्द आठवत नाहीत, अक्का. ते मीच देऊन टाकले. तुझा हात आठवतो. माझ्या डोक्यावर होता."

"तेवढं पुरे आहे."

राजाचा चेहरा उतरला. त्याच्या डोळ्यांत लहानपणीचं भय उभं राहिलं, आणि या वेळी त्यानं ते लपवलं नाही. "मला त्या वेळेची भीती वाटते. अजून वाटते. म्हणून मला असं व्हायचं होतं, की आपण कधी बुडूच नये."

"मला ठाऊक आहे. मलाही वाटायची."

"तुला?"

"दोघांपैकी एकाला तरी धीर धरायचा होता."

राजा उठला. त्यानं एकेक समई आपल्या हातानं शांत केली. मग त्यानं थोरलं दार उघडलं. पश्चिमेला, दूरवर, सूर्य समुद्राला टेकला होता. त्या वेळेला उंबऱ्यात बसू नये असं म्हणतात, पण बहीण-भाऊ लहानपणी बसले होते तसे उंबऱ्यात बसले, आणि मनकर्णेनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. राजानं ओंजळ पुढे केली. हळूहळू ती वेळ आत आली, ना उजेड ना अंधार, आणि त्याच्या ओंजळीत राखाडी रंगाची होऊन बसली. तिला वजन होतं. राजानं ओंजळ मोडली नाही.

देणारा उंबऱ्यापर्यंत आला, तसा मौनकेतूही करंडा घेऊन अंगणात येऊन उभा राहिला. त्यानं करंडा पायरीवर ठेवला. मनकर्णेनं गोधडीची घडी मोडली, तशी चैत्रातली ऊब करंड्यावर सांडली. तिनं शिंपला उलटा केला, पाणी चांदीवरून ओघळलं. राजानं ओंजळ उघडली.

"काय मागतोस?" मौनकेतूनं विचारलं.

राजा म्हणाला, "ज्यांचं आहे त्यांचं त्यांना परत दे. मला माझ्यापुरतं काही नको."

झाकण उघडलं. शब्द बाहेर पडले आणि ज्याच्या त्याच्या घरी गेले. ऊन अंगणातल्या वाळवणाकडे गेलं. कासराभर दिवस औताच्या दांडीवर जाऊन बसला. पुनव आणि अवस होड्यांकडे गेल्या. कवडसा एका घराच्या कौलातून आत शिरला. चंद्रकोर सासुरवाशिणींच्या कपाळांवर गेली. सूर्य हा शब्द मात्र राजाच्या डोक्यावरून पुढे परटांच्या आळीत निघून गेला, आणि राजानं त्याला जाऊ दिलं.

सूर्याची शेवटची कड पाण्यावर होती आणि मागे डोंगरातून पुनवेचा चंद्र वर येत होता. मनकर्णेनं राणीच्या पदराची गाठ सोडली. बाळाला तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं, कारण ते वर जाऊ पाहत होतं. पश्चिमेकडे तोंड करून ती त्याच्या कानाशी वाकली.

"हा दिवस," ती म्हणाली. या वेळी शब्द आले. "हा मावळतो, म्हणजे जात नाही. निजायला जातो. हा उठला की तू उठायचं."

उंबऱ्यात बसलेल्या राजानं मान वर केली. हेच ते होतं, जे तिनं त्याला सांगितलं होतं.

मग ती पूर्वेकडे वळली. "आणि हा चांदोबा, तुझा मामा. हा राखण करील. तू नीज."

बाळानं चंद्राकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. त्याच्या पापण्या जड झाल्या आणि मिटल्या. मनकर्णेनं त्याला राणीच्या हातात दिलं, आणि राणीचे हात वजनानं खाली आले. ती तशीच मटकन पायरीवर बसली आणि पोराला उराशी धरून रडू लागली.

मौनकेतूनं रिकामा करंडा उचलला. म्हणाला, "माझ्याकडे ठेवायला पुष्कळ जण येतात. परत मागणारा तूच पहिला." आणि तो गेला.

तेवढ्यात आळीतून बायका आल्या. सगळ्यांत पुढे तान्हूबाई होती. तिनं आधी मनकर्णेच्या पाठीत चांगला सणसणीत धपाटा घातला आणि मग राजाच्या समोर जीभ चावली. राजा म्हणाला, "घाल आणखी एक. बारशाचा आम्ही बाकी ठेवलेला आहे." घुगऱ्या त्या दिवशी उशिरा शिजल्या, पण साऱ्या गावाला पुरल्या.

पुढे भाट पुन्हा एकदा 'साक्षात सूर्य' म्हणायला गेला, तर राजा म्हणाला, "तेजोवर्मा म्हण. सूर्याला लोकांच्या शिव्या खाव्या लागतात, ते मला झेपायचं नाही."

मग एके दिवशी राजा एकटाच गोधडी घेऊन सगुणेच्या दारी गेला. गोधडीत आता काही नव्हतं. लेकीच्या वेळचं ऊन गेलं ते गेलं, ते कुठल्या राजाला परत देता येत नाही, आणि राजानं तसं तोंडानं कबूल केलं. सगुणा उंबऱ्याशी बसली. राजानं मुंडासं सोडून ठेवलं, गोधडी झटकली आणि कोवळ्या उन्हात तिच्या भिंतीवर पसरली. टळटळीत दुपारी ती उलटी केली. उन्हं कलली तशी चार बाजूंनी नीट घडी घातली आणि सगुणेच्या मांडीवर आणून ठेवली.

सगुणेनं घडीत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"ऊन हाय," ती म्हणाली.

अशी ही करंड्याची कथा इथं संपली. ज्यानं ऐकली त्यानं उद्या उजाडलं की एकदा वर पाहावं, आणि घरात तान्हं असेल तर त्यालाही दाखवावं.